लेटीच्या कबरीवरचा वाडगा

एक

लेटीची कबर डुकरांनी उकरली, तेव्हा आत लेटी नव्हती.

ऑक्टोबर लागला की टॉलिव्हरची डुकरं ओकची फळं खायला रानात मोकळी सुटत. त्या शुक्रवारी सकाळी ती रानातून गुलामांच्या मसणवटीत शिरली. उन्हाळ्यातल्या पटकीची मढी तिथे घाईघाईने पुरलेली होती, खड्डे जेमतेम गुडघाभर. डुकरांनी एका पेटीचं झाकण उचकटलं, आत तोंड घातलं आणि निराश होऊन पुढे गेली. पेटीत नदीतले गोटे होते. हलताना वाजू नयेत म्हणून ते पिवळ्याधमक पेंढ्यात नीट बसवलेले होते.

लेटी म्हणजे टॉलिव्हरच्या स्वयंपाकघरात हाताखाली राबणारी पोर. जुलैत ती पटकीने गेली हे सगळ्या मळ्याला ठाऊक होतं. तिच्यासाठी गाणी म्हणून झाली होती. टॉलिव्हरनेही एक उसासा टाकला होता, कारण विकली असती तर तिची चांगली किंमत आली असती. आता कळलं की उसासा फुकट गेला.

मळ्याच्या टेकाडाखाली ओहायो नदी. अलीकडचा काठ केंटकीचा, तिथे माणूस विकत मिळे. पलीकडच्या काठावर मिळत नसे. पळालेल्याला धरून आणणारे पलीकडेही जात, म्हणून जो सुटे तो कॅनडापर्यंत थांबत नसे. तिकडे काही घरं आहेत, ती पळालेल्याला एकमेकांच्या हाती सोपवत पुढे पोचवतात, अशी वस्तीत कुजबुज होती. त्या घरांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. असती तरी जुबलसमोर कुणी तोंडातून काढली नसती.

जुबल मळ्याचा मुकादम. स्वतः गुलामच, पण हातात चाबूक. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. चाबकापेक्षा लोक त्याच्या डोक्याला जास्त भीत. डुकराचं पिल्लू कुणी मारून खाल्लं, चांदीचा चमचा कुठे गेला, हे तो चार माणसांशी चार शब्द बोलून सांगे. दोन वर्षांपूर्वी लेटीची आई पळाली होती. सगळा तालुका तिला नदीकाठी शोधत होता आणि जुबलने तिला तंबाखूच्या कोठाराच्या माळ्यावरून पायाला धरून खाली ओढली. टॉलिव्हरने तिला दक्षिणेला विकली आणि जुबलला नवा कोट दिला. गोरे त्याला टॉलिव्हरचा कुत्रा म्हणत, तेव्हा टॉलिव्हरला अभिमान वाटे. वस्तीतही त्याला कुत्राच म्हणत.

टॉलिव्हर घोड्यावरून उतरलाही नाही. उघड्या पेटीकडे बघून म्हणाला, "पोरा, दगड काही आपल्या पायांनी पेटीत चढत नाहीत."

जुबलची दाढी पांढरी झाली होती, तरी मालकासाठी तो 'पोरा'च होता. "नाही, मालक."

"व्यापारी गावात आलाय. रविवारी त्याची बोट माणसं भरून दक्षिणेला जाणार. उद्या दुपारच्या जेवणाआधी मला नाव पाहिजे, आणि ती कुठल्या वाटेने गेली तेही. नाही सांगितलंस तर तुझी केझिया त्या बोटीत बसेल. सांगितलंस तर पोर तुझ्यापाशी राहील. माझा शब्द."

केझिया जुबलची एकुलती लेक. तिला तेरावं लागलं होतं. आधीची दोन मुलं टॉलिव्हरच्या बापाने विकली होती, त्यांचे चेहरेही आता जुबलला धड आठवत नसत. दक्षिणेच्या कापसात गेलेलं माणूस परत येत नाही आणि फार टिकतही नाही. जुबलची पाचावर धारण बसली, पण तोंडावर त्याने काही दिसू दिलं नाही.

टॉलिव्हर गेला. धक्क्यावर गस्तवाल्यांची चौकी बसवायची आणि नदी ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीची झडती घ्यायची, असा निरोप त्याने जाताजाताच धाडला.

जुबल खाली बसला. उकरलेल्या मातीच्या कडेला एक वाडगा घरंगळून पडला होता. पालथा होता, त्याने तो सुलटा केला. तपकिरी मातीचा, काठाला निळी रेघ. कुठे चीर नाही, टवका नाही.

त्याने शेजारच्या कबरींकडे पाहिलं. प्रत्येकीवर मेलेल्याचं शेवटचं भांडं होतं, आणि प्रत्येक भांडं फोडलेलं होतं. त्यांच्यात रीतच तशी. मेलेल्याचं भांडं कबरीवर ठेवायचं आणि ठेवताना फोडायचं, म्हणजे त्याची घरच्यांशी असलेली साखळी तुटते आणि तो दुसऱ्या कुणाला मागोमाग बोलावत नाही. सबंध भांडं कुणी ठेवत नाही. पटकीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

जुबलने वाडगा कोटाखाली लपवला. पेटीतला पेंढाही गोळा करून जाळला. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

दोन

पहिल्यांदा तो सुताराकडे गेला. पेटी करणारा प्रायमस. जुबलला बघताच प्रायमसने रंधा खाली ठेवला आणि दोन्ही हात दिसतील असे पुढे धरले. दोन उन्हाळ्यांपूर्वी जुबलनेच त्याची पाठ फोडली होती. तेव्हापासून तो असाच उभा राही.

प्रायमसचं म्हणणं सरळ होतं. पेटी त्याने केली आणि आजाऱ्यांच्या खोपटाच्या दाराशी नेऊन ठेवली. आत पाऊल टाकायची छाती नव्हती. थोड्या वेळाने उचलायला गेला तर पेटी भरून बंद केलेली होती.

जुबलने पेटीचं बरोबर आणलेलं झाकण त्याच्यासमोर धरलं. "खिळे तू ठोकलेस?"

प्रायमसने झाकणावरून अंगठा फिरवला. खिळ्यांची डोकी चेपली होती आणि प्रत्येक खिळ्याभोवती लाकडात वाटोळा खळगा पडला होता. "ही हातोडी नाही," तो म्हणाला. "हातोडीचा घाव एवढा रुंद नसतो. हे कशाने तरी जाड, बोथट आणि जड वस्तूने ठोकलंय. माझ्या हातून असं काम झालं असतं तर तुझ्या चाबकाची वाटच बघितली नसती."

तेव्हाच का बोलला नाहीस, असं जुबलने विचारलं. पटकीच्या मढ्याची पेटी कुणी बंद केली हे उकरत बसण्याइतका मूर्ख आपण नाही, असं प्रायमसने उत्तर दिलं. आणि मग, भीत भीत, पण खुशीत, त्याने विचारलं, "मुकादम, केझियाला नेणार म्हणतात, खरं का?"

बातमी अर्ध्या दिवसात वस्तीभर झाली होती, आणि कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. वाईट का वाटावं? जुबलने दुसऱ्यांची लेकरं शोधून दिली तेव्हा त्यालाही वाटलं नव्हतं. तो झाकण काखेत मारून निघाला. 

तीन

आजाऱ्यांच्या खोपटात डॉर्कसमावशी एका पोराच्या गुडघ्यावर लेप लावत होती. वस्तीतल्या प्रत्येक मढ्याला तिने न्हाऊ घातलं होतं. जुबलला आधीच माहीत होतं ती काय म्हणणार, आणि ती तेच म्हणाली. लेटीला मी माझ्या हातांनी धुतली, माझ्या हातांनी कापडात गुंडाळली. मेली नव्हती तर मग मी काय म्हणून रडले?

"डाव्या पायावरचा भाजल्याचा डाग तसाच होता का गं, मावशी?"

"असायचाच की. डाग काय मरताना पुसून जातो?"

"लेटीच्या पायावर डाग नव्हता."

म्हातारीचा हात थांबला. तिने पोराला बाहेर घालवलं आणि लेपाचं भांडं बाजूला ठेवलं. मग खरं सांगितलं. त्या दिवशी तीच पटकीने आडवी झाली होती. उलट्या, जुलाब, डोळ्यांपुढे अंधार. दायीच आजारी आहे म्हटल्यावर टॉलिव्हरने तिला कामातून काढली असती, आणि काम नसलेल्या म्हातारीला त्या मळ्यावर भाकरी नसे. म्हणून तिचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि केलं कुणी हे ती पोटात ठेवून बसली होती.

"कोण होतं ते?"

"जिने मढं गुंडाळलं, तिनेच मला त्या दिवशी ऊन ऊन पेज पाजली. मीठ घातलेली. घोट घोट करून, अर्धा दिवस बसून. त्या पेजेवर मी आज जिती आहे." तिने अंगातल्या झग्याची गाठ सोडली आणि त्याच्याकडे पाठ केली. "नाव हवं असेल तर यातून काढून घे. तुला येतंच की ते काम."

पाठीची हाडं मोजून घ्यावीत अशी होती. जुबलने चाबकाला हात लावला नाही. पटकीच्या दिवसांत वस्तीतल्या चुली बंद होत्या, हे त्याला आठवलं. सगळे शिळी मक्याची भाकरी काकवीत बुडवून खात होते. ऊन पेज करायला विस्तव लागतो, आणि त्या दिवसांत विस्तव मळ्यावर एकाच ठिकाणी होता. विचार तिथवर आला आणि त्याने तो बळेच मागे वळवला.

तंबाखूच्या कोठारात शद्रक काका पानं खाली उतरवत होता. वस्तीचा उपदेशक तोच. लेटीच्या कबरीवर प्रार्थना त्याने म्हटली होती. जुबलने कोटाखालून वाडगा काढून त्याच्यापुढे धरला.

शद्रकने तो हातात घेतला नाही. "तुला काय, मला काय, रीत दोघांनाही ठाऊक आहे," तो म्हणाला. "भांडं जवळचं माणूस फोडतं. लेटीला जवळचं कोण उरलं होतं? आई होती, तिला तू ओढलीस."

"मग ठेवला कुणी?"

"मी दुसऱ्या दिवशी बघितला. सबंध. फोडायला दगड उचलला आणि परत खाली ठेवला. तुझ्याच डोक्यात अक्कल आहे असं समजू नकोस, जुबल. सबंध भांडं बघितलं आणि मलाही कळलं. त्या दिवशी मी आभाराची प्रार्थना केली."

"कोण आहे ते सांग, काका. केझियासाठी विचारतोय. मालकांसाठी नाही."

म्हातारा पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. कीव होती, आणि ती जुबलला जास्त झोंबली.

"सकाळपासून सगळीकडे फिरलास," शद्रक म्हणाला. "एक दार तेवढं टाळलंस."

चार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जुबलला ते कळलं नव्हतं असं नाही. कळू द्यायचं नव्हतं.

टॉलिव्हरचं स्वयंपाकघर मोठ्या घरामागे, वेगळ्या इमारतीत. तिथे राज्य तामारचं, आणि तामार म्हणजे जुबलची बायको. लेटी तिच्या हाताखाली राबायची, तिथेच जेवायची, आणि तिचा वाडगा तिथल्याच फळीवर असायचा. तामारला न विचारता त्या फळीला मांजरही शिवत नसे. पटकीत पेटता होता तो विस्तवही तिथलाच. आणि मागच्या अंगणात दर शनिवारी नदीपलीकडून लुट्झ कुंभाराची गाडी यायची. भांडी फुटू नयेत म्हणून तो ती पेंढ्यात घालून आणायचा. टॉलिव्हरच्या मळ्यावर मका पिके, तंबाखू पिके. असा पिवळाधमक पेंढा तिथे कुठेच पिकत नव्हता.

तामार मीठ कुटत होती. तिच्या हातात लोखंडी बत्ता होता. जाड, बोथट आणि जड.

जुबलने वाडगा टेबलावर ठेवला. तिने एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि कुटत राहिली.

"फोडला का नाहीस?" त्याने विचारलं. "फोडला असतास तर मला कधीच कळलं नसतं."

"फोडायलाच नेला होता." तिने बत्ता खाली ठेवला. "दगडही घेतला. मग मनात आलं, पोर आत्ता वाटेत असेल. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गवतात. इकडे मी तिचं भांडं फोडलं आणि तिकडे तिचं काही झालं तर? मेल्याची साखळी तोडायची असते रे. जित्या माणसाचं भांडं कसं फोडू? हातच चालेना."

"एवढी अक्कल चालवलीस आणि एका वाडग्यापायी सगळं—"

"हो. एका वाडग्यापायी."

त्याने तिला टॉलिव्हरचा शब्द सांगितला. नाव दिलं तर केझिया राहील, नाही दिलं तर जाईल. इकडे आड तिकडे विहीर. बायकोचं नाव देऊन लेक वाचवायची की काय करायचं, हे तो तिलाच विचारत होता, आणि विचारताना त्याला स्वतःची शिसारी येत होती.

तामार हसली. दोन वर्षांत ती त्याच्यासमोर हसली नव्हती.

"केझिया कधीच विकली गेलीय. ऑगस्टात तो व्यापारी इथे जेवायला आला होता. मी वाढत होते. मालकांनी पोरीला पाणी ओतायला बोलावलं. व्यापाऱ्याने तिला तोंड उघडायला लावलं, दात बघितले, पोटऱ्या दाबून बघितल्या, आणि दोघांनी हातावर हात मारला. तंबाखू उतरल्यावर घेऊन जा, म्हणाले मालक. आज तुला जो शब्द दिला ना, तो विकलेल्या मालाचा दिलाय. नाव देशील, ते नाव घेतील, आणि रविवारी पोरही घेतील."

जुबल खाली बसला. आयुष्यभर त्याने त्या माणसासाठी खरं शोधून काढलं होतं, आणि त्या माणसाचं खोटं त्याला कधी दिसलं नाही.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुला?"

एवढंच म्हणाली. पुढचं बोलायची गरजही नव्हती. लेटीच्या आईने माळ्यावरून खाली येताना कशी किंकाळी फोडली होती, ते दोघांनीही ऐकलं होतं.

मग तिने सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. लुट्झ एकटा नाही. त्याच्यापुढे एक घर आहे, त्या घरापुढे दुसरं. कुणालाही आपल्या पुढच्या घरापलीकडचं नाव ठाऊक नसतं, म्हणजे धरलं गेलं तरी एकाहून जास्त नावं तोंडातून निघायला नकोत. लेटी भांड्यांच्या खोक्यात बसून गेली. उद्या त्याच खोक्यात केझिया जायची होती.

"आणि तू?"

"मी गेले तर मालकांचं दुपारचं जेवण कोण करणार? ताट वेळेवर आलं नाही की लगेच कुत्री सुटतील. स्वयंपाकिणीला पळता येत नाही."

जुबलने पुढचा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला. "माझं काय ठरवलं होतंस?"

"तुझा विचारच केला नाही," तामार म्हणाली.

ती हे टोचायला बोलली नव्हती. म्हणूनच ते त्याच्या काळजात इतकं खोल गेलं. 

"आता सगळंच बुडालं," ती म्हणाली. "धक्क्यावर गस्तवाले बसलेत. प्रत्येक खोकं उघडतील."

गस्तवाले म्हणजे आजूबाजूच्या मळेवाल्यांची दांडगी पोरं. बंदुकी बापाच्या, दारू स्वतःची. त्यांना जुबल चांगला ओळखून होता. त्यांना दोन गोष्टी आवडत, फुकटचं जेवण आणि चाबूक. कुठल्या मळ्यावर गुलामाला खांबाला बांधणार अशी आवई आली की ती पोरं मैलभरावरून घोडे फेकत येत. टॉलिव्हरलाही अशा वेळी पाहुणे बोलवायची भारी हौस. सगळी वस्ती, शेजारचे मळेवाले, शिकारी कुत्री, सगळं एका अंगणात उभं करायचा. म्हणजे धडा मिळतो, म्हणायचा.

जुबल उठला. "उद्या तुझ्याकडे जेवायला माणसं जास्त होतील," तो म्हणाला.

तामारला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती त्याच्या अगदी जवळ आली. गळ्यात पडायला नव्हे.

"यात दगा असेल," ती हळूच म्हणाली, "तर तुझ्या भाकरीत काच कुटून घालीन."

"घाल," तो म्हणाला.

पाच

शनिवारी सकाळी टॉलिव्हर ओसरीत खुर्ची टाकून बसला होता. जुबलने टोपी काढली आणि नेहमीसारखं, एकेक दुवा जोडत, आपलं काम सादर केलं. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली उकल होती, आणि त्यातलं जवळजवळ सगळं खोटं होतं.

प्रायमस नव्हे, मालक. खिळे वेडेवाकडे चेपलेत, सुताराच्या हाताला तसं काम जमणारच नाही. डॉर्कस नव्हे. गोट्यांनी भरलेली पेटी ओढायला अंगात रग लागते, म्हातारीला पाण्याची बादली उचलवत नाही. शद्रक नव्हे. तो मढं यायच्या आधीपासून मसणवटीत खड्डा खणत होता, दहा माणसांनी बघितलाय. मग आजाऱ्यांच्या खोपटाची किल्ली कुणाकडे होती? पटकीच्या दिवसांत कुणी कुठे जायचं आणि कुणी तिथे फिरकायचं नाही, हे कोण ठरवत होतं? तुमच्या परवान्याच्या चिठ्ठीवाचून नदीपर्यंत जाऊन गोटे आणायची मुभा कुणाला होती?

टॉलिव्हर पुढे झुकला. त्याला असली कोडी आवडत. "कुणाला?"

जुबलने कमरेचा चाबूक काढला आणि उलटा धरला. मुठीच्या टोकाला जाड लोखंडी टोपण होतं. ते त्याने झाकणावरच्या एका खळग्यात बसवलं. जवळजवळ बसलं. टॉलिव्हरसारख्याला तेवढं पुरे होतं.

"मुकादमाला, मालक."

टॉलिव्हर आधी हसला. मग झाकणाकडे पाहिलं, चाबकाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. गुलाम पळाला याचं दुःख वेगळं. आपण ज्याला जगभर मिरवलं त्या कुत्र्याने आपल्यालाच फसवलं, हे त्याला गिळवेना.

"का?" त्याने विचारलं. 

"तिची आई मी पकडून दिली होती."

एवढं एक वाक्य खरं होतं. ते खरं आहे हे जुबलला बोलता बोलताच कळलं.

कुठल्या वाटेने पाठवलीस, असं टॉलिव्हरने विचारलं तेव्हा जुबल गप्प राहिला. आपण ते असं उभ्या उभ्या सांगितलं तर ते कुणी खरं धरणार नाही, हे त्याला माहीत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून वदवून घेत आला होता. सोलून काढलेलंच खरं मानायचं, हे त्यानेच टॉलिव्हरला शिकवलं होतं.

मग घोडेस्वार चहूकडे गेले. शेजारचे मळेवाले आले, त्यांच्या बायका गाड्यांतून आल्या. धक्क्यावरची पोरंही हसत खिदळत आली. इथे खेळ असताना तिथे भांडी मोजत कोण बसतो? शिकारी कुत्री अंगणाच्या कडेला बांधली. वस्तीतला माणूस न् माणूस अर्धगोलात उभा केला. केझिया कुठे आहे असं कुणी विचारलं असतं तर चुलीपाशी, असं उत्तर तामारने तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. जुबलला खांबाला बांधताना मागच्या अंगणातून मडकी खडखडत एक गाडी बाहेर पडली आणि टेकाड उतरायला लागली.

चाबूक त्याचाच होता. टॉलिव्हरने तो वस्तीतल्या माणसांच्या हाती आळीपाळीने दिला, ही त्याची खास कल्पना. कुणी हात राखून मारलं. बहुतेकांनी राखला नाही. त्यांना काय ठाऊक? त्यांच्या दृष्टीने टॉलिव्हरचा कुत्रा अखेर टॉलिव्हरलाच चावला होता, आणि ज्याच्या हाताने त्यांची चामडी गेली त्याची चामडी जाताना बघायला मिळत होती. प्रायमसने शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि सुताराच्या नेमाने, एका घावावर दुसरा घाव, असा मारला. शद्रक काकाच्या हाती चाबूक दिला तेव्हा म्हाताऱ्याने तो जमिनीवर टाकला. त्याला दोघा गोऱ्या पोरांनी बाजूला नेऊन बडवला. जुबल ओरडत होता. न ओरडायचं त्याने ठरवलं होतं, पण ते काही माणसाच्या हातात नसतं.

दर थोड्या वेळाने टॉलिव्हर वाकून विचारायचा, वाट कोणती. जुबल मान हलवायचा. गाडी टेकाड उतरली असेल. धक्क्यावर पोचली असेल. गाड्या पार नेणारी होडी पलीकडच्या काठावर असेल तर तिची वाट बघत थांबली असेल. अजून नाही. अजून बोलायचं नाही. मध्येच त्याची शुद्ध गेली आणि त्याच्यावर पाणी मारलं गेलं. किती वेळ गेला हे त्याला कळेना, आणि त्याची सगळ्यात जास्त भीती हीच होती, की आपण वेळेआधी बोलून बसू.

"मिठाचं पाणी आणा," टॉलिव्हर म्हणाला. "त्याच्या बायकोलाच आणू दे. बघू तिचं तोंड कसं होतं."

पाहुण्यांत हशा पिकला. तामार स्वयंपाकघरातून बादली घेऊन आली. मीठ तिने आदल्या दिवशी कुटलेलंच होतं, मिरपूडही घातली होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसते, धक्का दिसतो आणि पलीकडचा काठही दिसतो, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या एकाही गोऱ्याला माहीत नव्हतं. ते कधी त्या खिडकीशी उभे राहिलेच नव्हते.

ती त्याच्या मागे आली, बादली उचलली आणि सगळी पाठीवर ओतली. थेंबही राखून ठेवला नाही. जुबलची किंकाळी कुत्र्यांच्या भुंकण्यात मिसळली. बादली खाली ठेवायला ती वाकली तेव्हा तिचं तोंड त्याच्या कानाशी आलं.

"गेली," ती म्हणाली.

त्याने न विचारता तिने त्याला काही सांगितलं, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच घडलं होतं. ती रिकामी बादली उचलून माघारी गेली, कारण पाहुण्यांसाठी हॅम कापायचं राहिलं होतं.

टॉलिव्हरने त्याचे केस धरून मान वर केली. "आता बोल. शेवटचं विचारतोय."

जुबलने ओठांवरचं रक्त चाटलं. मिठागराच्या होड्या वरच्या अंगाला, व्हर्जिनियाकडे जातात. त्यांच्यावर एक लंगडा नावाडी आहे. लेटी त्याच्याकडे दिली आणि काल संध्याकाळी केझियाही त्याच्याकडेच धाडली. हे सगळं त्याने रात्रभर घोकून ठेवलं होतं, लंगड्याच्या टोपीच्या रंगासकट. ऐकणाऱ्याने आपण होऊन ओढून घ्यावं म्हणून ते तुकड्या तुकड्यांनी, रडत रडत द्यायचं होतं.

"बोलतो, मालक," तो म्हणाला, आणि खोटं सांगायला लागला.